हिवरघाटाचा पाहुणा

सुरजा नदी हिवरघाटाखाली जिथे डावीकडे वळते, तिथे उन्हाळ्यात पाणी ओसरले की राखी रंगाचा एक सपाट खडक उघडा पडतो. दुरून पाहिले तर कोणाची तरी मोडकी नाव वाळूत रुतून बसली आहे असेच वाटते. वाकलेल्या फासळ्या दिसतात, बाजूला पसरलेली वल्ही दिसतात, पुढे निघालेले लांबलचक टोक दिसते. जवळ गेल्यावर कळते की ही सगळी हाडे आहेत, आणि हाडेसुद्धा आता राहिलेली नाहीत, त्यांचा दगड झाला आहे.

गावातले लोक इथे येताना चपला काठावर काढतात, पण हात जोडत नाहीत. नव्याने आलेल्याने हात जोडलेच तर त्याला लगेच सांगतात की हा देव नाही, पाहुणा आहे. देवाला नमस्कार करायचा, पाहुण्याला आधी पाणी द्यायचे. म्हणून नदीतले ओंजळभर पाणी त्या दगडावर ओतायचे आणि 'बसा' म्हणायचे, अशी इथली रीत. एवढ्या थोरल्या, दगड होऊन आडव्या पडलेल्या जनावराला 'बसा' म्हणताना शहरातून आलेल्यांना हसू फुटते. हसायला काही हरकत नाही. पाहुण्याने राग धरल्याचे अजून तरी कोणी ऐकलेले नाही.

ही रीत पडली ती रेवता नावाच्या एका ढिवरिणीमुळे, असे सांगतात. ढिवर म्हणजे नदीच्या आधाराने जगणारी माणसे, मासे धरणारी आणि नाव चालवणारी. रेवताचा नवरा पैकू हा हिवरघाटाचा नावाडी. काळ कोणता ते कोणाला नेमके सांगता येत नाही. नदीवर पूल नव्हता एवढे खरे.

एका पावसाळ्यात सुरजेला पूर आला आणि घाटाला बांधलेल्या नावेचा दोर तुटला. पैकू जेवायला बसण्याच्या बेतात होता. "ताटं वाढ, आलोच," म्हणाला आणि नावेमागे पाण्यात उडी घेऊन गेला. लोकांनी त्याला नाव धरताना पाहिले, तीत चढताना पाहिले, वळणापर्यंत जाताना पाहिले. त्यापुढे कोणी पाहिले नाही. पूर ओसरल्यावर गावाने दोन्ही काठ धुंडाळले, पण ना नाव सापडली ना पैकू.

रेवताने ताटे वाढलेली होती. ती तिने झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी सांजेला तिने पुन्हा दोन ताटे वाढली, घाटावर नेली आणि नदीकडे तोंड करून बसली. बराच वेळ वाट पाहून एक ताट स्वतः जेवली, दुसऱ्यातले नदीत सोडले आणि भांडी घासून घरी आली. तेव्हापासून तिचा तोच नेम झाला. घरात बसून म्हणून ती पुन्हा जेवली नाही. नदीशी ती बोलायची म्हणे, आणि ते काही रडगाणे नसायचे. भाजी निवून गेली, माणसाला इतका कसला उशीर, पोरगा तुझ्यासारखाच आडमुठा निघाला, असे तिचे चालायचे. घाटावर पाणी भरायला येणाऱ्या बायांना त्या भांडणाची इतकी सवय झाली होती, की एखाद्या दिवशी रेवता गप्प असली तर त्यांनाच चुकल्यासारखे व्हायचे.

तो आडमुठा पोरगा म्हणजे डोमा. बाप गेला तेव्हा तो लहान होता. पुढे त्याने दुसरी नाव बांधली, बापाचा घाट चालवला, सखरी नावाची गुणी बायको केली. घरात सगळे होते, फक्त जेवणाच्या वेळी माय नसायची. सखरी भाकरी थापायची, माय ताटे उचलून चालू लागायची, आणि डोमाच्या घशाखाली घास उतरत नसे. जातीतला वडीलधारा फागू याने बरीच वर्षे वाट पाहिली आणि मग एकदा येऊन सांगितले की माणूस सापडत नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचे क्रियाकर्म करता येते. त्याने तरी पैकूची वाट मोकळी होईल. रेवताने ऐकून घेतले आणि म्हणाली, "बुवा, मी पळसाच्या पानासंगं लगन नोहोतं लावलं." फागू आला तसा परत गेला.

असेच आयुष्य सरले असते. पण एका पुरात पाणी पायऱ्या चढत वर आले तरी रेवता ताटे घेऊन घाटावर बसूनच राहिली. डोमाने धावत जाऊन तिला उचलले, खांद्यावर टाकले, आणि घरी येईपर्यंत माय त्याच्या पाठीत ताटाने मारत होती. गावाला हसू आले. डोमाला आले नाही. त्याला धडधडीत दिसले की नदीने बाप नेला तशी एखाद्या पुरात ती मायलाही नेणार, आणि माय तिला अडवणार नाही. दुसऱ्या दिवशी तो कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला आणि त्याने नवस केला. बापाची काहीतरी खूण दाखव, सुरजामाय. तू जे दाखवशील त्याला मी माझ्या बापाचा मान देईन.

नवस बोलताना माणसाने शब्द जपून वापरावेत, असे हिवरघाटात अजूनही सांगतात ते यामुळेच.

पुढच्या उन्हाळ्यात सुरजा अशी आटली की म्हाताऱ्यांनीही तसे पाहिले नव्हते. डोमा उरलेल्या डबक्यांत मासे शोधत वळणापाशी गेला आणि थबकला. वाळूतून फासळ्या वर आल्या होत्या. सारख्या अंतरावर, सारख्या बाकाच्या, अगदी नावेच्या असतात तशा. शेजारी एक वल्हे पडले होते, रुंद पात्याचे. नावाड्याच्या पोराला दुसरे काय दिसणार? तो तिथूनच ओरडत सुटला, "बाची नाव सापडली! माय, बाची नाव सापडली!"

गावात ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. सखरीने मोठे पातेले काढले, फागूने विधीच्या तयारीला माणसे लावली. रेवता ठेवणीतले लुगडे नेसली आणि तिने भात शिजत ठेवला. ती येईपर्यंत नाव मोकळी करून ठेवावी म्हणून डोमा कुदळ-फावडे घेऊन एकटाच परत गेला.

त्याने वाळू उपसली. दुसऱ्या बाजूला दुसरे वल्हे निघाले. मग मागे तिसरे निघाले आणि त्याच्यासमोर चौथे. बापाच्या नावेला दोनच वल्ही होती. डोमाचे हात सावकाश चालू लागले. पुढच्या टोकाची वाळू काढली तर तिथे लाकूड नव्हते, मणके होते, जाळ्याच्या दोरीत वजनाच्या गोळ्या ओवाव्यात तसे एकापुढे एक, संपतच नव्हते. आणि शेवटी एक डोके, इतके लहान की ते एवढ्या धडाचे असेल यावर त्याचा विश्वास बसेना. त्यात लांब, टोकदार दात होते, वरचे खालच्यांत अडकलेले.

ते जनावर पाहून डोमाला भीती वाटली नाही म्हणतात, त्याला वाटली ती शरम. आता मायला काय सांगायचे? ती भात घेऊन निघाली असेल. इतक्या वर्षांनी तिने ठेवणीतले लुगडे काढले होते. त्याने घाटाकडे पाहिले, कोणी आलेले नव्हते. मग त्याने भराभर फावडे मारून ते डोके, ती मान आणि मागची दोन वल्ही पुन्हा वाळूने झाकून टाकली. उघड्या राहिल्या त्या फासळ्या आणि दोन वल्ही. आता ती नाव होती. माय पाहील, रडेल, क्रियाकर्म होईल, आणि उद्यापासून घरात बसून जेवेल. एवढे खोटे बापानेही पोटात घातले असते, अशी त्याने मनाची समजूत घातली.

रेवता आली. मागे सगळा गाव होता, पण लोक काठावर थांबले. ती एकटी खाली उतरली, ताटे बाजूला ठेवली आणि फासळ्यांपाशी बसली. तिने एका फासळीवरून हात फिरवला. मग दुसरीवरून, मग त्यांच्या मधून. आपली नाव बांधताना पैकूने फळ्या जोडल्या होत्या, पण फटी बुजवल्या होत्या रेवताने, राळ आणि चिंध्या ठासून. ती नाव तिच्या बोटांना ठाऊक होती.

"डोमा," ती म्हणाली, "ह्या नावेले माही राळ कुठंच काहून नाही?"

डोमाने फावडे पाठीमागे घेतले.

"अन् सारी नदी कोयडी हाय, तं इथलीच वाळू वली काहून?"

खालून उपसून वर टाकलेली वाळू ओली असते, हे डोमाच्या लक्षातच आले नव्हते. रेवताने उत्तराची वाट पाहिली नाही. ती गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी वाळू सारू लागली. थोड्या वेळाने डोमाही मान खाली घालून तिच्याबरोबर वाळू काढू लागला. मान उघडी झाली, डोके उघडे झाले, मागची वल्ही उघडी झाली. आता माय रडेल किंवा आपल्या थोबाडीत मारेल, अशी त्याची खात्री होती. दोन्हींतले काही झाले नाही. रेवता त्या एवढ्याशा डोक्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि तिने विचारले, "कोन रे बाप्पा तू?"

मग गाव खाली उतरला. आणि ढिवरांचे जे होते ते झाले. समोर पाण्यातले काहीही आले की ते कसे चालत असेल याचा वाद घातल्याशिवाय त्यांना राहवत नाही. वाळूखालच्या खडकात शंख आणि शिंपले चिकटलेले होते, सुरजेत कधी न दिसलेले. फार पूर्वी इथे समुद्र होता असे वाडवडील सांगायचे, तेव्हा हा त्या समुद्रातला, यावर एकमत झाले. पुढे मात्र एकमत संपले. शेपूट आखूड, म्हणजे मगरीसारखा शेपटीने पोहणारा हा नव्हे; हा वल्हवत जायचा, हे नावाड्यांना सांगावे लागले नाही. पण चार वल्ही मारायची कशी? डोमा म्हणाला चारही एकदम. फागू म्हणाला, छे, मागची पुढच्यांना गाठतील. आधी पुढची, मग मागची. घाटावर आजही या एका प्रश्नावरून भांडणे होतात आणि दोन्हीकडचे लोक नाव सोडून हात हलवून दाखवतात.

मान एवढी लांब कशाला? तर माशांच्या थव्याखाली धड दूर अंधारात ठेवायचे, आणि डोके तेवढे हळूच पुढे घालायचे. मासा पळेल कसा, त्याला मोठे जनावर दिसतच नाही. हे ऐकून फागूने कौतुकाने मान डोलावली, कारण गळ टाकणारा माणूस याहून वेगळे काय करतो?

फासळ्यांच्या आत गुळगुळीत गोटे निघाले, काळे आणि तांबडे, आणि त्यांच्यात माशांचे बारीक काटे दगड होऊन बसलेले. फागू म्हणाला की हे तोलासाठी, आपण रिकाम्या नावेत दगड ठेवतो तसे. रेवताला ते पटले नाही. "बुवा, दात पाहा. धराचे हायेत, चावाचे नाही. मंग गिळलेलं दळलं जाईन कशानं? कोंबडी खडे गिळते का नाही?" आणि ती त्या डोक्याकडे वळून म्हणाली, "एवढा मोठा होऊन गोटे खात होता का रे तू?" गाव हसला. डोमाने मायकडे चमकून पाहिले. त्या आवाजात ती फक्त एकाच माणसाशी बोलायची, रोज संध्याकाळी, घाटावर.

सखरीने विचारले की याला पाय नाहीत, काठावर चढता येत नसणार, मग पिल्ले कुठे होत असतील? रेवताने त्या डोक्यावर बोट फिरवले. डोळ्यांच्या खोबणीपुढे दोन लहान भोके होती, नाकपुड्यांची. कल्ल्यांची जागा तिला कुठे सापडली नाही.

"पान्यातच होत असन," ती म्हणाली. "अन् झाल्याबरोबर पिल्लू वर नेत असन. हा मासा नोहोय बाई. हा पान्यात राह्यचा, पन श्वास घ्याले वर याचा. आपल्यावानी."

हे बोलली आणि तिचा हात थांबला. डोमा अगदी जवळ होता, त्याला मायचे ओठ हलताना दिसले.

"म्हंजे हाही बुडूनच मेला असन," रेवता म्हणाली. "म्हातारा झाला असन, नाहीतं लागलं असन कुठं. वर याले जमलं नसन. अन् वर कोनी वाट पाहत राह्यलं असन, आता येते मंग येते म्हनून. हा इथं पडून राह्यला. त्याचा समुद्र आटला, वाट पाहनारे गेले, अन् सापडला कोनाले? आपल्याले. आपन ना त्याच्या जातीचे, ना गोताचे."

ती वळली आणि नदी जिकडे वाहत जाते तिकडे तिने पाहिले.

"डोमा, खाली किती गावं हायेत रे?"

"लय हायेत, माय."

"तेथं बी मानसंच राह्यतात ना? तुया बाप कोनाले तरी सापडला असन. अनोळखी असन, पन त्याहिनं त्याले वाऱ्यावर नसन सोडलं."

आता डोमाला राहवले नाही. त्याने नवसाचे सांगून टाकले. नदी दाखवेल त्याला बापाचा मान देईन असे बोललो होतो. नदीने हे दाखवले, आणि मी ते वाळूत लपवत होतो. तो लहान मुलासारखा रडला. फागू विचारात पडला, कारण जनावराचे, तेही दगड झालेल्याचे क्रियाकर्म करावे असे त्याने कधी ऐकले नव्हते. पण रेवताच्या मनात आता काही शंका उरली नव्हती. "त्याहिनं माह्या मानसाले जात विचारली असन का?" तिने एवढेच विचारले. आणि तिने एक ताट उचलून त्या लहान डोक्यापुढे ठेवले. भात होता, माशाचे कालवण होते. डोमाने बापाला द्यायचे ते पाणी दिले. रेवता त्याला म्हणाली, "जेव बाप्पा. लय उशीर झाला तुले."

ते ताट पाहता पाहता रिकामे झाले, असे सांगतात. पाऊस नाही, पूर नाही, आणि नदीचे पाणी वाळूवरून चढत आले, ताटातले घेऊन गेले आणि मागे फिरले. कावळ्यांनी खाल्ले असेल असे म्हणणारेही दोघेचौघे आहेत. त्यांना गावात कोणी जेवायला बोलावत नाही. रेवताने बांगड्या उतरवल्या का, हेही वेगवेगळे सांगतात. हिवरघाटाच्या बाया म्हणतात, नाही, शेवटपर्यंत घातल्या, आणि छान दिसायच्या.

दुसरे ताट भरलेलेच होते. रेवताने ते नदीवर जेवायला घेतले नाही. उचलले आणि चालू लागली. डोमा मागून चालला होता, पण काही विचारायचा त्याला धीर होत नव्हता. घरी येऊन ती चुलीपाशी बसली, ताट पुढ्यात घेतले आणि सखरीला म्हणाली, "तुमी बी वाढून घ्या ना. मी एकटीच जेऊ का?" तिघे बसले. रेवताने कालवणात मीठ कमी असल्याचे सांगितले, मग दुसऱ्यांदा भात घेतला. डोमाने त्या रात्री किती खाल्ले याची सखरी पुढे म्हातारी होईपर्यंत थट्टा करत असे.

आजही नदी ओसरली की हिवरघाटाचे लोक आपल्या तोंडात घास घालण्याआधी पाहुण्याला ताट देतात. आणि आजही सुरजेतून वरून कोणाचा देह वाहत आला, की कोण, कुठला, कोणत्या जातीचा असे न विचारता हे ढिवर त्याला पाण्यातून काढतात, घरच्यासारखे आंघोळ घालतात आणि माती देतात. गावातली एखादी म्हातारी त्याच्यासाठी रडायला बसते. नाव माहीत नसते, म्हणून ती नाव घेत नाही. रडणे झाले की ती उठते, नदीच्या वरच्या अंगाला तोंड करते आणि जिथून तो आला असेल त्या न पाहिलेल्या घराला हाक मारून सांगते, "तुमचं मानूस आमच्याकडं पोचलं व. आता जेवून घ्या."